दोन्ही वेळा नारिंगी

पडद्यावर आकडा झळकला : हिरवं एकशे बारा, नारिंगी एक.

थिएटरात हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी मान वळवून मागच्या अंधाराला जाब विचारला, "कोण हो हा मेला एक? पोरीचं जरा चांगलं होतंय तर बघवत नाही!"

मधल्या रांगेतल्या पाठमोरे नावाच्या गृहस्थांनीही तत्परतेनं मागं वळून पाहिलं. जणू तो मेला त्यांनाही हवाच होता. उजवा अंगठा मात्र खुर्चीच्या हातावरच्या नारिंगी बटणावर अजून तसाच दाबलेला होता.

ही त्यांची नववी खेप. सिनेमा नव्या तऱ्हेचा होता. प्रेमाचाच, विनोदीच, पण शेवट प्रेक्षकांनी ठरवायचा. नायिका जनावरांची डॉक्टर. तिच्यावर दोघे फिदा : एक विमान उडवणारा, दुसरा शेजारचा घड्याळं दुरुस्त करणारा. मध्येच सिनेमा थांबायचा. विमानतळावर धावत जाऊ, की घरी थांबू? जा म्हणणाऱ्यांनी हिरवं दाबायचं, थांब म्हणणाऱ्यांनी नारिंगी. पंधरा सेकंद. घरी थांबली की घड्याळवाला गुडघा टेकायचा आणि पुन्हा प्रश्न यायचा. हो म्हणू? हिरवं. नाही म्हणू? नारिंगी.

दोन्ही वेळा नारिंगी आलं, तरच नायिका दोघांनाही नमस्कार करून एकटीच एका हॉटेलात जेवायला जायची. त्या हॉटेलात एक वेटर तिच्याजवळ येऊन एक वाक्य बोलायचा. तो वेटर म्हणजे पाठमोरे. आणि सिनेमा लागल्यापासून सहा आठवड्यांत दोन्ही वेळा नारिंगी एकदाही आलं नव्हतं. लोक पदरच्या पैशानं तिकीट काढून येतात ते पोरीला एकटी जेवायला बसवायला नव्हे.

पाठमोरे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. एकतीस वर्षं ते सिनेमात गर्दीचं काम करत होते आणि कॅमेऱ्याला त्यांची पाठच तेवढी आवडली होती. बाजारात, कोर्टात, लग्नात, मोर्चात, जिथे जिथे नायकाच्या मागं थोडी माणसं लागतात, तिथे त्यांची पाठ हजर असे. मोठी गुणी पाठ होती. दुःखाच्या प्रसंगी किंचित वाकायची, दंगलीत आधी पळायची.

या धंद्याचा पहिला नियम म्हणजे आवाज काढायचा नाही. हॉटेलच्या प्रसंगात मागं चाळीस माणसं गप्पा मारताना दिसतात ना, ती नुसते ओठ हलवत असतात. आवाज फक्त नायक-नायिकेचा. टाळ्यासुद्धा अशा वाजवायच्या की तळहात एकमेकांपासून केसभर अंतरावर थांबले पाहिजेत. एकतीस वर्षांत पाठमोऱ्यांनी अशी मुकी भांडणं केली होती, मुका जयजयकार केला होता, एकदा तर जळत्या इमारतीतून मुकाच टाहो फोडला होता.

त्यामुळे वाक्य मिळालं त्या दिवशी पंचाईत झाली. वाक्य सोपं होतं : "टेबल एकटीसाठी, की कुणी यायचंय?" पाठमोरे आले, अदबीनं वाकले, ओठ हलवले. ओठ सुरेख हलले. आवाजवाल्यानं कानावरचे हेडफोन काढून झटकले. माइक बदलला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी नायिकाच म्हणाली, "काका, आवाज काढा ना जरा."

"काढतोय की!" पाठमोरे म्हणाले. हे मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं.

सातव्या खेपेला एकदाचं वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि सगळ्या सेटनं टाळ्या वाजवल्या. खऱ्या, तळहाताला तळहात लावून.

ते वाक्य त्यांना एकाच माणसाला ऐकवायचं होतं. त्यांची बायको बस कंडक्टर होती. नवऱ्याचा आवाज जितका धंद्यापायी आत गेला होता, तितकाच बाईंचा बाहेर आला होता. "पुढे सरका" असं त्या घरात म्हणाल्या तरी कपाटं सरकतील असं शेजाऱ्यांना वाटे. सत्तावीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचे सगळे सिनेमे नेमानं पाहिले होते. पडद्यावरच्या दोनशे पाठींतून त्या आपली पाठ बिनचूक ओळखत. "तो बघा, कॉलर नीट बसली नाही तो."

"घरीच म्हणून दाखवा की ते वाक्य," त्या म्हणाल्या होत्या.

"घरी म्हणायला मी काय वेटर आहे?"

"मग आहात कोण?"

पाठमोरे मुद्दा सोडायला मात्र तयार नव्हते. बायको ऐकेल तर पडद्यावरच ऐकेल. मात्र बाईंची सुट्टी गुरुवारी, आणि शुक्रवारी सिनेमा उतरत होता. म्हणजे उरला एक गुरुवार, दुपारचा खेळ.

नवव्या खेपेच्या त्या एकशे बारा विरुद्ध एक निकालानंतर पाठमोरे तडक मुकादमाकडे गेले. मुकादम म्हणजे सिनेमावाल्यांना गर्दी पुरवणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वही काढली.

"किती माणसं हवीत?"

"हॉल दुपारी निम्मा रिकामाच असतो. चाळीस पुरतील."

"पोशाख?"

"आपापला."

"आपापला," मुकादमानं लिहून घेतलं. "म्हणजे गरीब वस्ती. ठीक. करायचं काय?"

"दोन्ही वेळा नारिंगी दाबायचं. बस्."

"एवढंच? माझ्या माणसांनी पूर पार केलाय रे. बटण काय चीज आहे!"

गुरुवारी दुपारी थिएटरच्या दारात गर्दी जमली ती अशी शिस्तीत की, तिकिटं फाडणारा बावरला. या माणसांना गर्दी कशी करायची ते शिकवावं लागत नव्हतं. कुणी घोळका केला, कुणी उगाच घड्याळ पाहिलं, दोघं जण भांडल्यासारखे ओठ हलवू लागले. आतापर्यंत एकोणीस सिनेमांत मेलेले एक गृहस्थ होते, त्यांना सगळे प्रेत म्हणत. ते आज जिवंत दिसावं म्हणून दाढी करून आले होते. आयुष्यभर लग्नातली पाहुणी म्हणूनच उभी राहिलेली मावशी जरीच्या साडीत आली होती.

"मावशी, आपापला पोशाख सांगितला होता," मुकादम म्हणाला.

"आपलाच आहे मेल्या. दुसरा आहे कुठे?"

बाई नवऱ्याच्या शेजारी बसल्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. "मी कुठलं दाबू?"

"नारिंगी. दोन्ही वेळा."

"त्या पोरीचं लग्न मोडून?"

"अगं, सिनेमा आहे तो!"

"ते मला माहीत आहे. पोरीला माहीत आहे का?"

पहिला कौल सुखरूप पार पडला. बाकीच्या लोकांनाही वैमानिक जरा शिष्टच वाटला होता. मग घड्याळवाल्यानं गुडघा टेकला. दुसरा प्रश्न आला आणि पंधरा सेकंद उलटे पळायला लागले. पाठमोऱ्यांनी डोळे मिटून घेतले. नारिंगी दाबायला त्यांना डोळे लागत नव्हते.

आकडा आला : हिरवं चाळीस, नारिंगी एक्केचाळीस.

"एक्केचाळीस कसे?" मुकादम अंधारात पुटपुटला. "नवरा-बायको धरून आपण बेचाळीस आहोत. फितूर कोण?"

"चुकलं बाई," मावशीचा रडवेला आवाज आला. "नवरी समोर दिसली की हात हिरव्यावरच जातो. तीस वर्षांची सवय!"

पण एक मत काय, अर्धं मतही पुरलं असतं. इतर प्रेक्षकांच्या "हॅ!" आणि "छे!"मधून नायिकेनं घड्याळवाल्याला हसून नाही म्हटलं, रस्ता ओलांडला आणि हॉटेलात शिरली. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. स्वयंपाकघराचं दार ढकलून पाठमोरे आले. आले ते थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून. एकतीस वर्षांत प्रथमच नाक, डोळे, मिशी, सगळं एकाच वेळी.

पाठमोऱ्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. पडद्यावरचे पाठमोरे अदबीनं वाकले. त्यांनी तोंड उघडलं.

आणि थिएटर कोसळलं.

पाठमोऱ्यांनी मंडळींना बटण सांगितलं होतं. गप्प बसायला सांगितलं नव्हतं. ते सांगायची या लोकांना कधी गरजच पडत नसे. पण इथे कुणी "ॲक्शन" म्हटलं नव्हतं, समोर माइक नव्हता, आणि आपल्यातला एक माणूस पडद्यावर तोंड उघडत होता. एकतीस, पंचवीस, चाळीस वर्षं ज्यांनी मुके जयजयकार केले, त्यांचे सगळे आवाज एकदमच बाहेर पडले. शिट्ट्या झाल्या. तळहात तळहातांवर आपटले. प्रेत खुर्चीवर उभं राहून "अरे हाच तो! हाच आमचा!" असं ओरडत होतं. मुकादमानं तर वहीच उधळली. ज्यांचं हिरवं हरलं होतं तेही काय झालं, काय झालं म्हणून उठून टाळ्या वाजवायला लागले.

वाक्य कुठल्या कुठे वाहून गेलं.

गलका ओसरला तेव्हा नायिका मान वर करून, वेटरच्या डोळ्यांत बघून म्हणत होती, "एकटीसाठी." मग वेटरनं दुसरी खुर्ची हलकेच बाजूला नेली.

पाठमोऱ्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आलं ऐकू?"

बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "नाही."

पाठमोऱ्यांनी हात काढून घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. मागं वळून ते मंडळींना काही बोलणार होते, पण चाळीस चेहरे इतके खूश दिसले की त्यांनी नुसतीच मान डोलावली. प्रेतानं तर अंगठा उंचावून शाबासकी दिली.

"तिनं उत्तर दिलं ना?" बाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "नीट दिलं, तुमच्याकडे बघून. म्हणजे तुम्ही नीटच विचारलं असणार. अर्धवट विचारलं तर माणसं अर्धवट उत्तर देतात. मी रोज बघते."

नायिकेनं सूप संपवलं. जेवली. बिल देऊन हसत हसत आपल्या दवाखान्याकडे गेली, तिथे एक लंगडा कुत्रा तिची वाट बघत होता. सहा आठवड्यांत कुणी न पाहिलेला शेवट सगळ्यांनी पाहिला, आणि पुढच्या रांगेतलं एक जोडपं "हाच बरा होता की," असं एकमेकांना सांगू लागलं. दिवे लागले. पडद्यावर नावं सरकायला लागली. सवयीप्रमाणे सगळे उठले. गर्दीचं काम संपलं की गर्दीनं आधी निघायचं असतं.

"बसून घ्या!"

बाईंचा तो आवाज ऐकल्यावर उभं राहणं शक्य नव्हतं. चाळीसच्या चाळीस बसले. पुढचं जोडपंही बसलं.

"अगं, चल," पाठमोरे म्हणाले. "आता काय उरलंय? ही नावं असतात. कुणी बघत नाही."

"गाडी अजून चालू आहे. चालत्या गाडीतून मी कुणाला उतरू देत नाही."

म्हणून मग सगळे वाचत बसले. मोठी नावं आधीच गेली होती. दिवे लावणाऱ्यांची आली, रंगाऱ्यांची आली, सुतारांची आली. "हा आपला," प्रेत हळूच म्हणालं, "यानं ठोकलेल्या शवपेटीत मी दोनदा झोपलोय." मग प्रत्येक शेवटाची वेगळी यादी असते तशी या शेवटाची यादी सुरू झाली. ती आजवर कुठल्याच थिएटरात चालली नव्हती. तिच्यात असं काही असेल, हे कुणी पाठमोऱ्यांना सांगितलं नव्हतं. नाव विचारायची पद्धतच नव्हती; कुणीतरी मुकादमाच्या वहीतून उतरून घेतलं असावं.

डाव्या बाजूला 'वेटर' असं आलं, आणि उजव्या बाजूला त्यांचं नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सबंध.

या वेळी कुणी शिट्टी मारली नाही. कुणी हललंसुद्धा नाही. मुकादम आपल्याच वहीतलं आडनाव पहिल्यांदा वाचल्यासारखा बघत होता. दारात झाडू घेऊन आलेला माणूस, एवढी मंडळी काय वाचताहेत म्हणून वर बघू लागला.

नाव वरच्या काठाशी पोहोचलं, अर्धं झालं, गेलं. बाई मान वर करून तिथेच बघत राहिल्या.

पाठमोरे मात्र पडद्याच्या खालच्या काठाकडे बघत होते. त्यांच्यानंतर त्या लंगड्या कुत्र्याला सांभाळणाऱ्या माणसाचं नाव आलं होतं. ते त्यांनी सावकाश, अक्षर न् अक्षर वाचलं. मग त्याच्या खालचं.