भंडारा लागलेली पट्टी

आमच्या प्रयोगशाळेतली पट्टी मी पहिल्यांदा आईच्या दंडावर चिकटवली आणि तिनं लगेच तिच्यावर खंडोबाचा भंडारा चोळला.

"माय, हे काय केलंस?"

"नवं जनावर घरात आलं की लावावाच लागतो," आई शांतपणे म्हणाली.

त्या पट्टीत सोन्याचे नॅनोकण होते. घामातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सतत मोजून ती माझ्या मोबाइलवर रेघ काढायची. हळदीनं तिचं पार वाटोळं झालं. मी कपाळावर हात मारून दुसरी चिकटवली.

आई खंगत चालली होती. मागच्या मोठ्या दुष्काळात मेंढरं विकली, पडेगावचा माळ प्लॉटांखाली गेला, आणि तिथल्या आमच्या दोन खोल्यांना कुलूप लावून मी तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुकुंदवाडीच्या फ्लॅटमध्ये आणलं. "मला पडेगावला सोड," हा तिचा रोजचा धोशा. मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. ती इथं सुखात आहे, हे मला त्या रेघेकडून वदवून घ्यायचं होतं. रेघ मात्र दिवसभर चढलेलीच.

एका दुपारी मी कामावर असताना ती रेघ अचानक उतरली. लावला वाटतं परत भंडारा! तणतणत घर गाठलं, तर दाराला कुलूप.

आई स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत सापडली. यंदाही पावसानं दगा दिलेला. चाऱ्यासाठी फिरणाऱ्या कडूबा नावाच्या मेंढपाळाचा कळप तिथं उतरला होता. मांडीवर कोकरू घेऊन ती त्याला बोटानं दूध चाटवत होती. लहानपणी माळावर ती अशीच बसायची आणि मला त्या कोकरांचा भारी हेवा वाटायचा. किती वर्षांत तो चेहरा पाहिला नव्हता मी! माझे डोळे भरून आले.

मला पाहताच तिनं घाबरून दंड पुढं केला. "नाय लावला गं, बघ."

पट्टी स्वच्छ होती.

"याची माय मेली," कडूबा म्हणाला. "वाटंत टिकायचं नाय हे. मावशी, तुमीच ठिवा."

आईनं माझ्याकडं पाहिलं, पण काहीच मागितलं नाही. तेच मला सोसेना. मी रिक्षा थांबवून कोकरासकट तिला आत बसवलं.

"कुठं निघालो गं?" तिनं क्रांती चौकात विचारलं.

"पडेगावला. मीपण तिथंच राहीन."

कुलूप उघडून मी उंबऱ्यातच तिच्यापुढं हात पसरला.

"डबी दे भंडाऱ्याची. नवं जनावर घरात येतंय."