माझ्या वजनाचा लेप

आमच्या ह्यांनी गाडीला इतकं जपलं, इतकं जपलं, की शेवटी गाडीत बसायची माझीच सोय उरली नाही. हे मी रागाने म्हणत नाही. म्हणजे, रागानेच म्हणते आहे, पण खरंही आहे. ऐका तर.

हे म्हणजे माझे यजमान. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभी हयात दुकानादुकानांत काटे तपासण्यात गेली. निवृत्त झाले, पण काटा काही डोक्यातून उतरला नाही. लिफ्टमध्ये शिरताना आतल्या माणसांकडे असं बघतात, की एखादा बिचारा आपणहून बाहेर पडतो आणि जिना धरतो. मर्यादा म्हणजे मर्यादा. तिच्या पुढे गुंजभरही नाही, मग सासरा असो की साहेब.

आणि दुसरी बाजू म्हणजे माझी ताई. समुद्राच्या काठावर एकटी राहायची. मुलगा परदेशात. त्याने हट्ट धरून तिला घर विकायला लावलं आणि कायमचं तिकडे बोलावलं. तिचा फोन आला. "बारके," ती म्हणाली. मला नातवंडं झाली तरी तिच्यासाठी मी बारकीच. "बारके, विमानतळावर मला तू सोडायला ये. टॅक्सीवाल्याला टाटा करून मला देश सोडायचा नाही गं. मागे वळून बघितलं तर आपलं माणूस दिसायला हवं."

मी म्हटलं, "येते. गाडीच घेऊन येते." शब्द दिला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

गाडी नुकतीच घेतली होती. हायब्रिड. अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर. सुरू झाली तरी आवाज करत नाही, म्हणून हे तिला 'समंजस' म्हणायचे. इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी म्हणाले नाहीत. पण समुद्राचं नाव काढताच ह्यांचा चेहरा उतरला.

"खारा वारा," हे म्हणाले. "पत्र्याला गंज धरेल."

"अहो, एका दिवसात?"

"गंज दिवस मोजत नाही."

झालं. दुसऱ्याच दिवशी गाडी कोटिंगवाल्याच्या दारात. हा माणूस गाडीच्या पोटाला आणि पत्र्याच्या पोकळ्यांत काळं मेण फवारायचा. फवाऱ्याची नळी दाराच्या आत, तळाच्या आत, कुठेकुठे घालायचा. फक्त जाड नारिंगी वायरी आल्या, की श्वास रोखून त्यांना प्लास्टिक गुंडाळायचा. त्या विजेच्या. मागच्या सीटखाली बॅटरीला हवा घ्यायची जाळी असते, तीही झाकायचा. "काकू, हायब्रिडला गंजाचा धोका दुप्पट," त्याने मला समजावलं. "एक पेट्रोलचा, एक विजेचा." मी म्हटलं, बाबा रे, मग सायकलला गंज लागतच नसेल. त्यावर तो हसला, हे हसले नाहीत.

इथवर ठीक होतं. घोडं अडलं ते त्या माणसाच्या प्रामाणिकपणापाशी. आत गेलेलं मेण गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून तो गाडी कामाच्या आधी आणि कामानंतर वजनकाट्यावर चढवायचा. वजन वाढलं तेवढा माल गेला, घ्या बघून! ह्यांचे डोळे भरून आले हो. आयुष्यभर काट्यात फसवणारे भेटले, आणि आता हा देवमाणूस! त्या दिवसापासून ह्यांच्या मनाने घेतलं, की वजन म्हणजेच संरक्षण. जितकं जड, तितकं सुरक्षित. मग दर आठवड्याला एक थर. संध्याकाळी घरी आले की मला आकडा सांगायचे, जसं काही मूल बाळसं धरतंय.

गाडी हळूहळू रस्त्याला टेकायला लागली. आणि एक दिवस ह्यांना आपली ती मर्यादा आठवली. दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं ना, गाडीसकट सगळं मिळून जास्तीत जास्त वजन इतकं. ह्यांनी हिशेब मांडला आणि गंभीरपणे म्हणाले, "यापुढे डिकीत सामान ठेवायचं नाही. सामानाचं वजन लेपात गेलं."

पुढच्या थरांमध्ये मागच्या सीटवरची माणसं गेली. आधी मधलं गेलं, मग खिडकीजवळची दोन. धाकटी सून एकदा सहज मागे बसायला गेली, तर हे दार धरून उभे. "बेटा, तुझी जागा गेल्या मंगळवारी भरली." ती पोर माझ्याकडे बघते, मी छताकडे बघते. ताईला कुठे बसवायचं ते तिथे पोचल्यावर बघू, असं मी मनाशी ठरवलं.

ताईला निघायला दोन दिवस उरले. मी बॅग भरली, जेवणं उरकली आणि दारात उभी राहिले. हे काट्यावरून परतले होते. चेहरा काळवंडला होता.

"एक गडबड झाली," हे म्हणाले. "समुद्राकडे जायचं म्हणून त्याला शेवटचा हात जरा सढळ मारायला सांगितला. आता गाडीत फक्त चालवणारा बसू शकतो."

"आणि मी?"

ह्यांनी मान खाली घातली. "तुझ्याइतकंच वजन चढलंय. बरोब्बर तुझ्याइतकं."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हा असा. मी रडलेच. खोटं कशाला सांगू? ताईचा तो आवाज कानात होता, आणि हा माणूस माझ्या जागेवर मेण बसवून आला होता. म्हटलं, मोडा ना एकदा ती मर्यादा, बहिणीसाठी मोडा! ह्यांच्या हातून ते होणार नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. मासा पाण्याबाहेर चालेल, पण हे काट्याबाहेर नाही.

मग माझं डोकं चाललं. डोळे पुसले आणि विचारलं, "चालवणारा बसू शकतो ना?"

"हो."

"मग चावी द्या. तुमचं वजन माझ्यापेक्षा जास्त. कायद्याने मीच बसायला हवं."

ह्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि निमूटपणे चावी माझ्या हातात ठेवली. लग्नाआधी वडिलांचा टेम्पो चालवायचे मी. ही तर बिनगिअरची, बिनआवाजाची. बॅग मात्र ह्यांनी काढून घेतली. सामानाचं वजन आधीच लेपात गेलं होतं ना!

नेसत्या वस्त्रानिशी मी ताईच्या दारात पोचले. घर रिकामं, भिंतींवर फोटोंचे चौकोन. ताई बाहेर आली, गाडीकडे बघितलं. "एकटीच? आणि भाऊजी?"

"वजनात बसले नाहीत," म्हटलं, आणि गळ्यात पडून दोघीही रडलो. मग मी सगळं सांगितलं, तशी ती इतकी हसली, की तिला उचकी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बॅगा आम्ही दोघींनी ओढत डिकीपाशी आणल्या. मी ठरवलं होतं, गाडीचं पोट रस्त्याला घासलं तरी बेहत्तर, ताईला मीच सोडणार. इतक्यात कोपऱ्यावरून हे येताना दिसले. चालत. बूट धुळीने माखलेले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, एका हातात माझी बॅग.

"बस नाही मिळाली?" ताईने विचारलं.

"मिळाली होती. पण तिच्यात माणसं जास्त होती. मी मोजली. कंडक्टरला सांगितलं, एकाने उतरायला पाहिजे. तो म्हणाला, मग उतरा."

"मग?"

"उतरलो. पुढच्या बसमध्येही तेच."

मला वाटलं, आता हे बॅगा बघणार आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभे राहणार. मी कंबर कसली. म्हटलं, आज काय व्हायचं ते होऊ दे.

ह्यांनी बॅगा बघितल्या. ताईकडे बघितलं. समुद्राकडून खारा वारा सुटला होता, ओठांवर मीठ लागत होतं. ह्यांनी गाडीच्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "ताई, उलथनं आहे का घरात?"

भांडी शेजारणीला देऊन झाली होती. तिच्याकडून ताईने दोन उलथनी आणली. ह्यांनी शर्ट काढून कुंपणावर टाकला, बनियनवर वाळूत आडवे झाले आणि सरकत सरकत गाडीखाली गेले. उन्हाने मेण मऊ झालं होतं. खर्र खर्र आवाज यायला लागला आणि काळे पट्टे वाळूत पडायला लागले. इतक्या आठवड्यांचं कवतिक ते! मला बघवेना.

"ताई," खालून आवाज आला, "तुमचं वजन किती? बॅगांसकट सांगा."

ताई लाजली. आकडा सांगितला.

मी वाकून म्हटलं, "दहा वाढवा. लहानपणापासून कमीच सांगते ती."

"बरं," हे म्हणाले, आणि खरवडत राहिले.

उघड्या पडलेल्या पत्र्याला वारा लागत होता. ह्यांनी त्याचं नावही काढलं नाही. बऱ्याच वेळाने ताईने विचारलं, "भाऊजी, आणि तुम्ही कसे येणार?"

खालचा आवाज थांबला. "तुमचं आणि बॅगांचं झालं की पुरे. वेळ नाही उरणार. मी येतो मागून चालत."

मी पदर खोचला, दुसरं उलथनं उचललं आणि त्यांच्या शेजारी वाळूत आडवी झाले.

"सरका तिकडे," म्हटलं. "ताईचं तुम्ही काढा. तुमचं मी काढते."