आश्रयगृहातली मुकादमीण

सकाळचे सात वाजले, तसा लोणावळ्याजवळच्या निराधार स्त्रियांच्या आश्रयगृहात भांड्यांचा खणखणाट सुरू झाला. बेचाळीस बायका आणि नळ एकच. तोही शिस्त लागावी म्हणून अर्धाच तास उघडायचा. साल असेल एकोणीसशे त्रेसष्ट.

पुतळाबाई जवळच्याच वडिवळे गावची. नवरा वारला आणि वर्षाच्या आत दिरांनी "चार दिस ऱ्हा" म्हणून तिला इथे आणून सोडले, ते पुन्हा फिरकले नाहीत. गावी तिने कुणाला उलट शब्द बोलल्याचे कुणाला आठवत नव्हते. इथे पहिल्याच आठवड्यात तिने बादलीसाठी एकीच्या झिंज्या धरल्या. ते पाहून अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "तू खमकी आहेस. आजपासून तू मुकादमीण." हातात काठी आली, निजायला खिडकीजवळची खाट आली आणि ताटात एक भाकरी जास्त पडू लागली.

आधी तिला लाज वाटली. मग बायका तिला बघून वाट देऊ लागल्या. जन्मात तिला कुणी भ्यायले नव्हते. ते तिला आवडू लागले.

एका सकाळी म्हातारी अंबूबाई दुसऱ्यांदा बादली घेऊन नळावर आली.

"पुतळे, चिमाबाई तापानं फणफणलीया. लुगडं खराब झालंय तिचं. येवढी बादली भरू दे."

"एकदा न्हाई म्हनलं ना? हो मागं!"

"आगं, तू बी आमच्यातलीच की!"

मागे दोघीतिघी हसल्या. पुतळाबाईने काठी उगारली. अंबूबाईचा उजवा हात कोपरापाशी लोंबू लागला, तेव्हा कुठे ती थांबली.

तिसऱ्या दिवशी चौकशीला पुण्याहून सरकारी डॉक्टरीणबाई आल्या. "म्हातारी पाय घसरून पडली," अधीक्षिकाबाईंनी सांगितले. "आणि या बायका जात्याच भांडखोर. विचारा हिला." पुतळाबाईने नुसती मान हलवायची होती.

"पडली न्हाई. म्या मारलं," ती म्हणाली.

"का मारलंस?"

"त्या हसल्या म्हून. बाई, घरी म्या गुरावर बी हात उचलला न्हाई. हितं तीन म्हैन्यांत मानसाचा हात मोडला. मी जल्मापास्नं अशीच व्हते व्हय? पानी दावून आमाला झुंजवत्यात, आन जी जास्त चावंल तिला मुकादमीण करत्यात. माजा गुन्हा लिवाच. पर त्ये बी लिवा."

"कोंडून घाला हिला!" अधीक्षिकाबाई ओरडल्या.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'पाय घसरून पडली' असे लिहिलेला आपला कागद त्यांनी फाडला आणि नवा घेतला. "आपण इथं भांडखोर बायका सांभाळतो की घडवतो, ते मला आधी पाहू द्या."

त्यांच्या अहवालानंतर नळ दिवसभर सुरू राहू लागला आणि मुकादमकी बंद झाली. महिन्याभरात नळावरच्या मारामाऱ्या जवळजवळ थांबल्या. बायका मात्र त्याच होत्या.

पुतळाबाई तेव्हापासून रोज दुपारी अंबूबाईच्या खाटेशी जाऊन बसे. म्हातारीला डाव्या हाताने जेवता येत नव्हते. पुतळाबाई भात कालवून घास पुढे करी आणि अंबूबाई भिंतीकडे तोंड फिरवी.

"नगं खाऊ माज्या हातचं. मी बसते," पुतळाबाई म्हणे, आणि भात गार होईपर्यंत तशीच घास धरून बसून राही.