माबोले मतदानाला येते

बैंदूने खिडकीची फळी ओढून घेतली, कडी घातली आणि वळून ओरडली, "दारातल्या सगळ्या आत या! डोक्यावर कापड घ्या आणि भिंतीकडे तोंड करून बसा. मागे वळून बघायचं नाही."

बाहेर, गावामागच्या रानातून ढोल येत होता. जड, संथ, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. टेलुमा गावातल्या शेंबड्या पोरीलाही हा ढोल कळतो. ग्बेनी बाहेर पडला होता, पुरुषांच्या रानमंडळाचा मुखवट्यातला देव. तो रस्त्यावर असेपर्यंत बाईने त्याच्याकडे पाहायचं नाही, आणि मंडळात नसलेल्या पुरुषानेही नाही. दारं लागतात, चुली विझतात, आणि तो रानात परत जाईपर्यंत कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही.

शाळेपुढची बायकांची रांग बघता बघता उधळली. नदीपलीकडून होडीने आलेल्या, पाठीवर पोर बांधलेल्या, पहाटे भात रांधून निघालेल्या बाया मिळेल त्या घरात घुसल्या. जवळच्या तेवढ्या शाळेत शिरल्या. मंडळातल्या पुरुषांची रांग मात्र जागची हलली नाही. उलट दोघेतिघे पुढे सरकले.

एरवी बैंदू याच वर्गात चौथीच्या पोरांना पाढे शिकवायची. आज ती मतदान केंद्राची प्रमुख होती, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली. युद्धात ही शाळा जळाली होती. परदेशी पैशातून तिच्यावर पत्रे चढले. आजच्या पेट्याही परदेशी, शाई परदेशी, दिवेसुद्धा. ढोल तेवढा गावचा.

"हे मुद्दाम केलंय," कोपऱ्यातून आवाज आला.

ती केर्स्टी. निवडणूक नीट होते की नाही हे पाहायला युरोपातून आलेली, निळं जाकीट घातलेली, उन्हाने नाक सोललेली मुलगी. सकाळपासून ती कोपऱ्यात बसून सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होती.

"मुद्दामच," बैंदू म्हणाली. "रानमंडळातले पा लाहाई निवडणुकीला उभे आहेत ना. आणि त्यांच्यासमोर सुईण जेबे. अर्ध्या गावाची पोरं जेबेच्या हातात जन्मली आहेत. बायका कुणाला मत देणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही."

"मग मी बाहेर जाऊन बघते. मी काही इथली नाही."

"बाई, नका हो जाऊ!" मास्तरांच्या टेबलाखालून कुणीतरी कळवळून ओरडलं.

तो केर्स्टीचा ड्रायव्हर सांतिगी. राजधानीचा, फ्रीटाऊनचा गडी, बोलण्यात कुणाला ऐकणारा नाही. सकाळी येताना त्याने तीन तपासणी नाक्यांवर पोलिसांना दम भरला होता. आता मात्र त्याची पाचावर धारण बसली होती. तो रानमंडळात नव्हता.

"तुम्ही जाल," बैंदू केर्स्टीला म्हणाली, "बघाल, आणि संध्याकाळी गाडीत बसून निघून जाल. उद्या गावात म्हणतील, गोऱ्या बाईने आमच्या देवाची विटंबना केली, आणि बैंदूबाईने ती करू दिली. मग या बाया पुढच्या खेपेला इथवरही येणार नाहीत."

केर्स्टीने पिशवीतून उपग्रहाचा फोन काढला. "मग मी मुख्यालयाला कळवते. हे केंद्र रद्द करायला लावते."

"त्याने काय होईल?"

"दबावाखाली झालेलं मतदान मोजलं जाणार नाही."

"म्हणजे आत्तापर्यंत ज्यांनी मतं दिली, त्या बायांचीही मतं जातील. ज्याने ढोल वाजवला त्याचं भलं, ज्या पहाटे उठून आल्या त्या उपाशी." बैंदूचा आवाज चढला, तो तिने आवरला. "पाच वाजेपर्यंत थांबा. तेव्हा जे दिसेल ते कळवा. आत्ता नको."

केर्स्टीने फोन पिशवीत ठेवला, शेजारच्या बाईने पुढे केलेलं रंगीत कापड डोक्यावरून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. सात समुद्र ओलांडून बघायला आलेली बाई, आणि कपाळ भिंतीला टेकवून बसायची वेळ! कापडाखालून तिला हसूच आलं. तिला बघून दोघीतिघी बायाही खुदखुदल्या.

पुरुष येत होते, मत देत होते, जाता जाता बायांच्या पाठींकडे बघून खाकरत होते. बोटांना शाई लावायला बोकारी होता. पोरगा मंडळातला, पा लाहाईंच्या शेजारचा. त्याचं अर्धं हसू बैंदूला सकाळपासून खुपत होतं.

दाराकडे पाठ करून बसलेली बैंदू मतदार यादीवर बोट फिरवत होती. एका नावापाशी बोट थांबलं. तिच्या मनात एक विचार आला, आणि तिने स्वतःलाच विचारलं, बये, शुद्धीवर आहेस ना? मग यादी मिटून ती म्हणाली, "बोकारी, माबोलेने अजून मत दिलेलं नाही."

बोकारीचं हसू मावळलं.

"ती दुपारनंतर येते म्हणाली होती. गुडघा दुखतो तिचा."

"दुपार झाली. जा, घेऊन ये. तिला कुणाची आडकाठी? रस्त्यावर कुणीही असो."

भिंतीकडे तोंड केलेल्या बायांच्या पाठी ताठ झाल्या. रानमंडळात सगळे पुरुष, आणि बाई एकच. माबोले. दीक्षा घेणाऱ्या पोरांना जेवू घालणारी, त्यांना मंडळात घेताना हजर असणारी, ग्बेनीला डोळ्यांनी बघू शकणारी गावातली एकमेव बाई. गडबडीत पुरुष तिला विसरले होते. ढोल बाहेर काढताना तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"बाई," बोकारी खाली वाकून कुजबुजला, "ती पा लाहाईंची सख्खी बहीण आहे. माहीत आहे ना?"

"मला ठाऊक आहे कोण कुणाची बहीण ते."

"त्यांचंच एक मत वाढेल."

"वाढू दे. तिचा हक्क आहे. जा."

बोकारी गेला. टेबलाखालून सांतिगी म्हणाला, "बाई, तुम्ही मांजरालाच दुधाची राखण सांगितलीत."

"तू गप पड तिथे."

पण बैंदूच्याही मनात तेच होतं. म्हातारी येईल, भावाला मत देईल, देवाला हात जोडून घरी जाईल. तसं झालं तर पाच वाजता नदीपलीकडच्या बाया मत न देताच होडीत बसतील, आणि त्यांना आपणच बोलावलं होतं. गेले दोन महिने ती घरोघर हिंडून सांगत होती, मत गुप्त असतं, कुणाला कळत नाही, नवऱ्यालासुद्धा नाही, या गं, याच. आणि त्या आल्या होत्या.

ढोल जवळ आला. आता शाळेच्या अंगणातच असावा. भिंतीपाशी एका बाईचं पोर रडू लागलं, तिने त्याला कापडाआड घेतलं.

दार उघडलं. काठी टेकत माबोले आत आली. डोक्याला पांढरं फडकं, अंगावर ठेवणीतला झगा. मतदानाला नटूनच यायचं असं तिने ठरवलं असावं. मागून बोकारी, मान खाली घालून.

"कशाला बोलावलंस गं?" तिने विचारलं.

"मत द्यायला, आई. पाच वाजता बंद होतं. राहून जायला नको."

बैंदू एवढंच बोलली. पुढचं सगळं ओठांपर्यंत आलं होतं, ते तिने गिळलं.

म्हातारीने बोट पुढे केलं. बोकारीने शाई लावली. कागद घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली, बराच वेळ लावून आली, कागद पेटीत टाकला. तो पारदर्शक पेटीत तळाला जाईपर्यंत तिने वाकून पाहिलं. मग कंबर सरळ केली आणि पहिल्यांदाच वर्गाकडे नजर टाकली. भिंतीला लागून बसलेल्या बायांच्या पाठी, टेबलाखालून बाहेर आलेले सांतिगीचे बूट, आणि कापडाखालून डोकावणारी एक पिवळी वेणी.

"कोण गेलं?" माबोलेने विचारलं.

बायांनी डोक्यावरची कापडं आणखी पुढे ओढली.

"अरे, गावात कोण मेलं? कुणी मोठा माणूस गेला का?"

"नाही, आई," बोकारी म्हणाला.

"पोरांची दीक्षा आहे? मला तर कुणी भात घालायला सांगितलं नाही."

"नाही."

"मग तो बाहेर कशाला आलाय?"

बोकारीने शाईची बाटली उचलली, झाकण घट्ट केलं, पुन्हा सैल केलं. बाहेर ढोल चालूच होता. पुरुषांच्या रांगेतला पुढचा माणूस दारातच थबकला.

"मला न विचारता," माबोले हळूच म्हणाली. रागाने नाही, घरचं माणूस परस्पर निघून गेल्यावर एखादी म्हणते तसं. तिने काठी उचलली आणि दाराबाहेर पडली. दार मागे आपोआप लागलं.

आतल्या कुणीच काही पाहिलं नाही. फक्त ऐकलं. काठीचा ठक ठक आवाज अंगणात गेला. ढोल तीन-चारदा वाजला आणि मध्येच तुटला. मग म्हातारीचा आवाज, अजिबात न चढलेला. शब्द कळत नव्हते. एक पुरुषी आवाज काहीतरी बोलला. ती पुन्हा बोलली, थोडंसंच.

ढोल पुन्हा सुरू झाला. ठेका बदलला होता, लगबगीचा झाला होता, आणि तो लांब चालला होता. घरांवरून, वाडीवरून, रानाकडे. विझला.

कुणी उठलं नाही. एवढ्याने भागत नाही, सांगावा यावा लागतो. तो आला तो काठीच्या ठोक्यांनी. माबोले दारोदार फिरत होती, एकेक दार ठोकत होती.

"उठा गं! गेला तो रानात. मी सांगते ना. चला, बोटं काळी करून घ्या!"

पहिलं दार उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग सगळ्या गावातल्या कड्या एकदम खडखडल्या.

रांग पुन्हा लागली, सकाळपेक्षा लांब. मासे वाळवत बसलेल्या, आज यायचंच नाही म्हणणाऱ्या दोघीतिघीही कुतूहलाने आल्या. पाच वाजता पा लाहाईंच्या माणसांनी ओरडा केला, वेळ संपली, बंद करा. बैंदूने हवालदाराला नेऊन रांगेच्या शेपटाला उभं केलं.

"याच्या पुढे जे उभे आहेत त्यांचं मत घेतलं जाईल. नियमच आहे. याच्या मागे कुणी नाही. बस, ओरडा आता."



मोजणी परदेशी दिव्यांच्या उजेडात झाली. बैंदू एकेक कागद वर धरून दाखवत होती, खिडक्यांमधून गावाची तोंडं आत डोकावत होती. जेबे जिंकल्याचा निकाल वाचला तेव्हा बायांनी जो कल्ला केला, तो नदीपार ऐकू गेला असेल. जेबेला कुणीतरी उचललं, ती म्हणत होती, सोडा गं, कंबर मोडेल माझी. सांतिगी सगळ्यांच्या पुढे नाचत होता, जणू विजय त्यानेच मिळवून दिला.

केर्स्टी पायऱ्यांवर बसलेल्या माबोलेपाशी गेली. बैंदू दुभाषी झाली.

"तिला सांगा, मी तिची फार आभारी आहे. आज या बायकांसाठी तिने जे केलं..."

माबोले हसली. दात थोडेच होते.

"तिला विचार, आभार कसले? मी मत माझ्या भावालाच दिलंय."

बैंदूने ते भाषांतर करायच्या आधी तिच्याकडे नीट पाहिलं. "आई, तुम्ही आज घरी बसला असतात, तर ते निवडून आले असते."

"कळतं की मला."

"मत देताना कळत होतं?"

"मत देतानाही कळत होतं, आणि बाहेर जातानाही." म्हातारीने बोटावरची शाई अंगठ्याने घासून बघितली. "लाहाई माझा आहे, बैंदू. लहानपणी मीच पाठीवर बांधून वाढवलाय त्याला. पण तो रानातला देव माझा एकटीचा नाही, आणि लाहाईचाही नाही. त्याला कुत्र्यासारखं सोडायचं बायांच्या अंगावर? उद्या खरंच कुणी मेलं, तर कोण दार लावेल मग?"

केर्स्टीने विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणते, गुडघा दुखतोय," बैंदू म्हणाली.

"मग आपण गाडीतून सोडू तिला. सांगा ना."

अंगणाच्या टोकाला पा लाहाई उभे होते. कुणी त्यांच्याजवळ नव्हतं. दुपारपर्यंत त्यांच्या मागेमागे असणारी माणसं आता जेबेभोवतीच्या गर्दीत होती. ते बहिणीकडे बघत होते. मग वळले आणि घराच्या वाटेला लागले.

"गाडी नको," माबोले उठत म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नसेल त्याच्या. कसाव्याच्या पाल्याची भाजी शिजवून ठेवलीय मी."

ती काठी टेकत त्यांच्या मागे निघाली. हाक मारली नाही. पा लाहाईंनीही मागे वळून पाहिलं नाही, थांबले नाहीत. पण वाटेच्या वळणापाशी त्यांनी चाल मंद केली, इतकी, की दुखऱ्या गुडघ्याच्या बाईलाही गाठता यावं.