घटक नववा : घडाची काढणी

अभ्यासक्रम हा राष्ट्राच्या भवितव्याचा पाया असतो. चोपडा तालुक्यातल्या हिंगवाडे गावच्या माध्यमिक विद्यालयात हा पाया यंदा मार्चमध्ये एका केळीच्या झाडापाशी येऊन अडला होता. झाड निसवत नव्हतं. म्हणजे पोटातला घड बाहेर काढायला तयार नव्हतं.

याची सगळ्यांत जास्त काळजी रुपचंद सरांना होती. सर मूळचे शिंदखेड्याचे, म्हणजे बिनकेळीच्या मुलखातले, आणि शिक्षक चित्रकलेचे. पटसंख्या घसरली आणि चित्रकलेचं पद अतिरिक्त ठरायच्या बेतात आलं, तेव्हा हेडसरांनी आठवीला नव्याने आलेला ‘परिसर-व्यवसाय : केळी’ हा विषय त्यांच्या नावावर टाकला. पद तात्पुरतं वाचलं. मार्चच्या तपासणीत अभ्यासक्रम शंभर टक्के पूर्ण दिसला नाही, तर मात्र सर अतिरिक्त. आणि अतिरिक्त माणसाला जिल्ह्याच्या कुठल्याही टोकाला धाडता येतं. सरांची बायको गावच्याच उपकेंद्रात नर्स होती, मुलगी पाचवीत होती, आणि घर आत्ता कुठे लागलं होतं.

अभ्यासक्रमात केळीला दहा महिने दिले होते, कारण शाळेला दहा महिने असतात. केळीला हे कोणी कळवलं नव्हतं. त्यात हस्तपुस्तिका पोहोचली ऑगस्टअखेर, त्यामुळे लागवडही तेव्हाच झाली. वर्गात चाळीस मुलं, जवळजवळ सगळी बागाईतदारांची नाही तर बागेत मजुरीला जाणाऱ्यांची. सर त्यांना ‘केळी : एक ओळख’ शिकवत आणि मुलं ओळख करून घेत.

“अहो सर, झाड मागे राहिलं तरी चालेल,” हेडसर ज्ञानेश्वर पाटील म्हणाले. “घटक मागे राहून चालणार नाही. नववा घटक, घडाची काढणी. तपासणीचे साहेब सोमवारी येताहेत.”

“पण सर, घडच नाही.”

“गावात तर आहेत ना?”

सोमवारी सकाळी सरांनी एका पालकाच्या मळ्यातून कापलेला घड आणला आणि स्टुलावर चढून सुतळीने झाडाला बांधला. चित्रकार माणूस, काम नजरेच्या मापानं केलं. हस्तपुस्तिकेतलं चित्र समोर धरलं, त्यात केळी जमिनीकडे तोंड करून लोंबत होती. आंबा लोंबतो, लिंबू लोंबतं, सरांना चित्र पटलं. दोन पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं. रेषा न् रेषा जुळत होती.

तेवढ्यात पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या पार्वताबाई चूल सोडून आल्या. तीस वर्षं त्यांनी केळीच्या बागेत मजुरी केली होती.

“सर, हाई काय करं तुम्ही? घड उलटा बांधी दिन्हा!”

“उलटा कसा? फळ खालीच बघणार ना, पार्वताबाई.”

“केळं वर पाहतस, सर. तुमना शिंदखेडामा पाहात व्हतीन खाले.”

सरांचा चेहरा उतरला. “मग फिरवून बांधू?”

“आते काय बांधशात? गाडी उनी.”

फाटकातून खरोखरच गाडी आत येत होती. साहेब उतरले. यावलकडचे, म्हणजे केळीतलेच, हे सरांना हेडसरांनी त्या क्षणी सांगितलं.

साहेब झाडासमोर उभे राहिले. घड पाहिला. सुतळी पाहिली. मग हस्तपुस्तिका मागवली, चित्र पाहिलं, पुन्हा घड पाहिला. सरांना डोळ्यांसमोर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाणारी एस. टी. दिसू लागली.

“हुबेहूब आहे,” साहेब म्हणाले.

“साहेब, ते जरा...” सरांना राहवेना.

“माझ्या घरी वीस एकर केळी आहे, सर. पण आज मी घरून आलेलो नाही, कार्यालयातून आलोय.” त्यांनी नववा घटक पूर्ण अशी खूण केली आणि वर्गात येऊन पहिल्या बाकावरच्या शिल्पाला विचारलं, “घडातली केळी कोणत्या दिशेला असतात?”

“वर, साहेब.”

“कशावरून?”

“आमच्या बागेत बारा हजार झाडं आहेत.”

“पुस्तिकेत काय आहे?”

उत्तराची वाट न बघता, केळी कोणत्या दिशेला असतात हे साहेबांनी सगळ्या वर्गाला विचारलं. चाळीसच्या चाळीस मुलं ‘वर’ म्हणाली. साहेबांनी खेदाने मान हलवली आणि शेरा लिहिला : अध्यापन शंभर टक्के, अध्ययन शून्य. विद्यार्थ्यांचं पूर्वज्ञान अभ्यासक्रमाच्या आड येत आहे. ते काढून टाकण्यासाठी पुढील वर्षी रोज एक उपचारात्मक तासिका घ्यावी.

गाडी गेल्यावर हेडसरांनी रुपचंद सरांना चक्क मिठी मारली. “सुटलात! रोजची तासिका म्हणजे पद राहिलं. आता फक्त गुणपत्रकात चाळीस मुलं या विषयात कच्ची दिसू द्या. तोच पुरावा लागतो.”

“पण पोरांचं बरोबर आहे हो, सर.”

“असू द्या ना. पुस्तिकेत तर खाली आहेत ना?”

सरांनी मन घट्ट केलं. वार्षिक परीक्षेच्या चाळीस उत्तरपत्रिकांत ‘वर’ या शब्दावर लाल फुली मारली. शिल्पाची सगळ्यात शेवटी घेतली. तिने उत्तराशेजारी घडाचं चित्रही काढलं होतं, आणि चांगलं काढलं होतं. त्यावर त्यांनी बारीक फुली मारली. संध्याकाळी बायकोला सांगितलं, सामान बांधायचं नाही. तिने मुलीची सायकल दुरुस्तीला टाकली.

एप्रिलअखेर आठवीची कोरी गुणपत्रकं छापून आली. त्यात ‘परिसर-व्यवसाय : केळी’ या विषयाचा रकानाच नव्हता.