ग्रेमूरची हमी

लालासाहेबांनी मासे धरायच्या रॉडची पिशवी काचेच्या काउंटरवर ठेवली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाच्या हातातला रॉड न विचारताच काढून घेतला.

"जपानी?"

"व्हय." साईराज जरा बिचकला. तो मघापासून एक जपानी आणि एक कोरियन रॉड आळीपाळीनं हलवून बघत होता. "ह्यो हलका हाय. पर कोरियन वाकतोय झ्याक."

"वाकाय काय, निरगुडीचा फोकबी वाकतोय. मोडल्यावर पाठीशी कोण उभं ऱ्हातंय, ते बघ आधी."

सांगलीच्या दुकानात भर दुपारी असला उपदेश मिळेल याची साईराजला कल्पना नव्हती. पण लालासाहेब सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते, आणि समोरचा गप्प राहिला की त्याला पटलं असं समजायची त्यांना सवय होती. हिमाचलात असताना एका मेजरसाहेबांनी त्यांना पिसांची माशी पाण्यावर फेकून मासा धरायला शिकवलं आणि बदली होताना स्वतःचा इंग्लिश रॉड देऊन टाकला. ग्रेमूर कंपनीचा. तेव्हापासून शिराळ्याकडच्या वारणाकाठी या रॉडचं कौतुक ऐकायला लागलं नाही असा माणूस उरला नव्हता.

"तीनदा मोडला माझा," त्यांनी पिशवीची गाठ सोडली. "तिन्ही बारीला कंपनीनं नवा तुकडा धाडला. फुकट. आजन्म हमी म्हंजे आजन्म हमी. आन आमचं पोरगं? भरती झालं, दोन महिन्यांत ट्रेनिंग सोडून घरला आलं. त्याच दिवशी दार बंद केलं मी त्याला. साता समुद्रापल्याडची माणसं शब्दाला जागली, पोटचं न्हाई जागलं."

हे ते एसटीत शेजारी बसलेल्यालाही सांगत. येतानाही सांगितलं होतं. एरवी मोडका तुकडा सांगलीला नेऊन कुरियरला टाकायचं काम त्यांच्या पत्नीचं, मनुबाईंचं. या खेपेला त्यांचा गुडघा धरला होता. "बरी झाले की जाईन मी, एवढी कसली घाई," असं त्या दोनदा म्हणाल्या, पण लालासाहेबांना धीर नव्हता. कंपनीचा पत्ता दुकानात विचारू, म्हणून ते स्वतःच निघाले होते.

आतल्या खोलीतून दुकानदार जयराज हात पुसत आला. त्यानं पिशवीतले तुकडे पाहिले, एक उचलला आणि म्हाताऱ्याकडं रोखून बघितलं.

"ह्यो शिवतेजचा रॉड न्हवं? तुमच्याकडं कसा?"

"कुणाचा?"

"शिवतेजचा. हळदीच्या गोदामात कामाला हाय, त्यो. खरं सांगा काका, कुठं घावला तुमास्नी?"

लालासाहेबांचा चेहरा लाल झाला. आयुष्यात त्यांना कुणी चोर म्हटलं नव्हतं. "माझा हाय ह्यो! ग्रेमूर कंपनीचा. नाव वाच की त्येच्यावरचं."

"नाव मीच लिवलंय." जयराजनं बुडाचा तुकडा उजेडात धरला. "ग्रेमूर बंद पडून लय वर्सं झाली. ह्यो बुडखा चिनी हाय. मधला जपानी. शेंडा कोरियन, त्योच मोडलाय आता. मुठीचा कॉर्क तेवढा मूळचा. हिरवा रंग जुळवताना जीव गेला माझा. शिवतेज नुसता डोक्यावर बसलेला. अक्षर हुबेहूब पायजे म्हणायचा, म्हातारा डोळ्याला लावून बघतोय."

लालासाहेबांनी तो तुकडा घेतला आणि अक्षरं डोळ्याला लावून पाहिली. मनुबाई पिशवी घेऊन निघायच्या, संध्याकाळी रिकाम्या हातानं यायच्या, आणि आठ-पंधरा दिवसांनी टपाल आलं म्हणून नवा तुकडा पुढं करायच्या. टपाल आणणारा पोस्टमन मात्र आपण कधी पाहिला नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. दर खंडेनवमीला ते तलवारीशेजारी हा रॉड ठेवत, हळदकुंकू वाहत, आणि तिथंच बसून पोराला, याच शिवतेजला, शिव्या घालत. मनुबाई निरंजन लावून गप्प उभ्या असायच्या. त्या आठवणीनं त्यांना भयंकर लाज वाटली.

साईराजच्या लक्षात सगळं आलं होतं. त्यानं हातातला कोरियन रॉड हळूच खाली ठेवला. जयराजला मात्र अजून संशयच होता.

"थांबा, त्येलाच इचारतो," म्हणत त्यानं फोन लावला आणि स्पीकर चालू करून काउंटरवर ठेवला.

"बोल की दादा."

सहा वर्षांत तो आवाज लालासाहेबांनी ऐकला नव्हता. आता तो चांगला जड झाला होता.

"तुझा रॉड हितं आलाय. कोणतरी एक..."

"परत मोडला? आई घिऊन आली व्हय?" शिवतेजनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. "करून टाक गड्या लवकर. आन आबास्नी कळाय नको, तेवढं बघ. माझ्यावरचा इस्वास तर गेलाच त्यांचा. निदान त्या कंपनीवरचा तरी ऱ्हाऊ दे."

जयराजनं मान वर केली. समोरच्या म्हाताऱ्याचं नाक, कपाळ त्यानं आत्ता कुठं नीट पाहिलं. तो फोन बंद करायला झेपावला, पण लालासाहेबांनी आधीच फोन उचलला होता.

"कळलं," ते म्हणाले.

पलीकडून फोन कुणी ठेवला नाही.