पिवळ्या स्कूटरने धरलेला डूख

मी एक स्कूटर बोलतेय. रंग पिवळा, हेडलाइटच्या काचेला तडा, मागच्या सीटचं कव्हर ठिगळाचं. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसला आलाय राग? पण ज्यांनी मला घडवलं त्यांनी माझ्या पोटात पेट्रोल भरलं आणि वर ठिणगीही ठेवली. मग राग येणार नाही तर काय होणार? नागीण डूख धरते म्हणतात. खरं-खोटं तिलाच ठाऊक. मी मात्र धरला आहे. तो कुणावर आणि का, हे सांगायलाच आज स्टँडवर नीट उभी राहिले आहे.

माझा पहिला मालक विम्याचा एजंट होता. लोकांना मरणाची भीती घालून घरी यायचा आणि मला लाथ मारून स्टँडवर चढवायचा. त्याची मोटार आली तशी माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे माझ्या हँडलवर ओल्या छत्र्या टांगल्या गेल्या, सीटवर मांजर व्यायली. आपलं आयुष्य संपलं असं मी धरूनच चालले होते. तेवढ्यात वहिनी आल्या आणि भंगाराच्या भावात मला घेऊन गेल्या.

वहिनींना सगळी गल्लीच वहिनी म्हणायची. त्या कोंबड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. एक दिवस दुपारच्या सुट्टीतच एप्रन काढून ठेवून घरी आल्या त्या परत गेल्याच नाहीत. तिथे काय पाहिलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मांस, मासे, अंडी, दूध, मध, सगळं बंद. घरात गहजब झाला. सासूबाई म्हणाल्या, "बिनदुधाचा चहा? तो काय ताप आल्यावर प्यायचा काढा आहे?" नवऱ्याचं घराच्याच ओटीवर किल्ल्या बनवायचं दुकान. दुनियेची कुलपं उघडायचा, पण घरात तोंड उघडायचा नाही.

आता बाहेर खायचं काय, हा प्रश्न होता. वहिनी मला घेऊन निघाल्या. या शहरात रस्ते म्हणजे वाहनांचा चिखल. बस, हातगाड्या, ट्रक, सायकली, सगळे एकमेकांच्या अंगावर. त्यातून वाट काढावी ती माझ्यासारखीनेच. आम्ही कापडबाजारामागच्या बोळात भोपळ्याचं सारण भरलेले वाफेचे मोदकासारखे गोळे शोधले. पुलाखाली एक म्हातारा निखाऱ्यावर वांगी भाजून त्यावर तिळाचं वाटण ओतायचा, तो सापडला. गोदामांच्या गल्लीत एक नवरा-बायको रोज सकाळी सोयाबीन दळून टोफू पाडायचे, त्याची पहिली गरम वडी आम्हालाच मिळू लागली. आणि बसडेपोच्या भिंतीला लागून सूपवाल्या मावशींचा गाडा. मशरूम, मुळा, भाजलेला कांदा सकाळपासून मंद आचेवर. संध्याकाळी त्यात नूडल्स पडल्या की मी उभ्या जागी पेट्रोलचा वास विसरायची.

हळूहळू लोक विचारू लागले, "वहिनी, आम्हालाही न्या ना." पाहुणा मागच्या सीटवर, पोटात भूक, डोक्यावर हेल्मेट. वहिनींची रीत ठरलेली. प्रत्येक ठिकाणी आधी झाकण उघडायला लावायचं, वास घ्यायचा, एक घास स्वतः खायचा आणि मग पाहुण्याला म्हणायचं, "खा." त्या एका शब्दावर माणसं डोळे मिटून खायची. चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला यायचे. बायकोच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी तिला शब्द दिला होता की कुठल्याही जिवाचं काही तोंडात घालणार नाही. खायचे कमी, बोलायचे त्याहून कमी, पण परतताना माझ्या टाकीवर हलकेच थाप मारायचे.

आणि मग आला दीर.

किल्लीवाल्याचा धाकटा भाऊ. सासूबाईंच्या डोळ्यांतला तारा. धड एक नोकरी टिकली नव्हती, पण जीभ अशी की वाळूतून तेल काढेल. "वहिनी, तुमच्यासारखी सेवा करायचीय. मला शिकवा." वहिनींना बरं वाटलं. आपल्याला घरात वेडी समजतात, निदान एकाला तरी पटलं. त्यांनी त्याला मागे बसवलं. अख्खा मोसम तो माझ्यावर बसून फिरला. मला त्याचं वजन कधीच आवडलं नाही. हातात सतत फोन. खायच्या आधी फोटो, खाल्ल्यावर फोटो, आणि घास मात्र गुपचूप गटारात.

मोसम संपला आणि एका सकाळी आम्ही चौकात थबकलो. समोरच्या इमारतीवर भलामोठा फलक: "वहिनींची हिरवी सफर. वहिनी स्वतः चाखतात, मगच तुम्हाला वाढतात!" खाली गालाला लाली लावलेली, कपाळावर बट सोडलेली एक बाई हसत होती. आमच्या वहिनी नव्हेतच. आणि ती बसली होती एका कोऱ्या पिवळ्या स्कूटरवर. माझ्याच रंगाच्या!

वहिनींनी तो फलक दोनदा वाचला. मागून हॉर्न वाजत होते.

दुकानात येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो कानस घासत म्हणाला, "अगं, घरातलाच आहे. चार लोक त्याचेही येतील, चार तुझेही."

"अहो, त्याने माझं नाव लावलंय."

"वहिनी काय तू एकटीच आहेस जगात?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "पोरगं मार्गी लागलं तर हिच्या पोटात दुखतंय."

वहिनी ठरलेल्या फेरीला निघाल्या. मीही. पण माझ्या कार्बोरेटरमध्ये तेव्हापासून काहीतरी अडकलं ते अडकलंच.

दिराचं दणक्यात चाललं. पिवळ्या स्कूटरींची रांग बाजारातून फिरू लागली. आमचे पाहुणे आटत गेले, डेपोकडची फेरीही बंद पडली. वहिनी तेही गिळून बसल्या असत्या. पण एका दुपारी मास्तर दुकानाच्या दारात उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, मी तुम्हाला काही अपाय केला होता का?"

"असं काय बोलता, मास्तर?"

"तुम्ही आजारी आहात, तुमच्या वतीने नेतो, असं तुमचे दीर म्हणाले. गेलो. सूप प्यायलो. दाताखाली कण आला. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, हाडांची पूड आहे, वहिनींनीच घालायला सांगितलीय." त्यांनी आकाशाकडे बोट केलं. "मी माझ्या हिला काय तोंड दाखवू आता?"

वहिनी काही बोलायच्या आत ते वळले. जाताना माझ्याजवळून गेले, पण टाकीला हात लावला नाही.

डेपोपर्यंत मी अशी पळाले की आयुष्यात तशी पळाले नव्हते. मावशी वहिनींना पाहून चिडल्या. "तोंड वर करून आलीस? तुझाच दीर डबा देऊन गेला. म्हणाला, गर्दी वाढलीय, मशरूम शिजायला वेळ कुठाय, वहिनी म्हणाल्या चमचाभर ही पूड टाका, कुणाला कळत नाही. मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाला, वहिनींपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

"मावशी, मी सांगितलं नाही."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हातातला डाव खाली ठेवला आणि गाड्याच्या कडेला बसल्या. "अगं बाई! माझ्या हाताने मी तुझं नाव बुडवलं गं." मग उठून म्हणाल्या, "फेकून देते डबा."

"फेकू नका," वहिनी म्हणाल्या. "ठेवा."

त्यांचा आवाज ऐकून मला हुडहुडी भरली. आणि, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

लवकरच दिराचा मोठा दिवस होता. खाण्यापिण्याच्या कार्यक्रमाचे कॅमेरेवाले त्याची सफर टिपायला येणार होते. शेवटचा थांबा मावशींचा गाडा. वहिनींनी मावशींना एवढंच सांगितलं, "त्याने सांगितलंय तसंच करा. पण मी येईपर्यंत एकाच्याही वाटीत पडू देऊ नका."

"गाडा बुडेल माझा."

"माहीत आहे."

"बुडू दे," मावशी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी वहिनींनी सासूबाईंना विचारलं, "आई, येता का? भाऊजींचं कौतुक बघायला?" सासूबाई हरखल्या. ठेवणीतली शाल काढली. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर बसल्या आणि वहिनींच्या कमरेला अशी मिठी मारली की त्यांना श्वास घेता येईना. वाटेत आपल्या लेकाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होत्या. वहिनी हूं हूं करत होत्या. म्हातारीची दया मला येत होती का? नाही. तेव्हा नाही आली.

डेपोजवळ ही गर्दी! पिवळ्या स्कूटरी रांगेत, दिवे, कॅमेरे. फलकावरची बाई डाव घेऊन उभी होती आणि गोड आवाजात म्हणत होती, "मी स्वतः चाखलंय. खा!"

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

दिराचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "अरे वा, वहिनी! या ना, तुमच्याच आशीर्वादाने चाललंय सगळं."

"खायलाच आलेय. भाऊजी, यात काय आहे?"

"मशरूम, मुळा, कांदा. तुम्हाला काय सांगायला पाहिजे?"

"हाड नाही?"

लोक हसले. तोही हसला, कॅमेऱ्याकडे बघून. "छे हो!"

"शपथ घ्या."

"घेतो की. आईची शपथ! यात कुठल्याही जिवाचं काही नाही."

मागच्या सीटवरच्या बाईने हेल्मेट काढायला हात वर केला. पट्टा अडकला होता. म्हातारी बोटं चाचपडत राहिली. वहिनींनी मदत केली नाही. शेवटी हेल्मेट निघालं, आणि लेकाने आईला पाहिलं.

त्याच वेळी मावशींनी गाड्याखालून डबा काढून दिव्याच्या उजेडात ठेवला. "हे याने आणून दिलं. आजच्या पातेल्यातही आहे. मी टाकलंय. माझाही गुन्हा आहे."

सासूबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं. पण डब्यावर गाईचं चित्र होतं, आणि चित्र सगळ्यांनाच वाचता येतं. त्या माझ्यावरून उतरल्या, लेकासमोर गेल्या.

"माझी शपथ घेतलीस?"

"आई, धंद्यात असं..."

"मी अजून जिवंत आहे रे," त्या म्हणाल्या. बस, इतकंच.

फलकावरच्या बाईने डाव पातेल्यात टाकला. "मला मशरूमचं सांगितलं होतं," असं म्हणून ती गर्दीतून निघून गेली. पाहुण्यांनी दिराला घेरलं. कुणी शिव्या देत होतं, कुणी रडत होतं. कॅमेरे चालूच होते. मी स्टँडवर उभी राहून एकेक शब्द ऐकला. पेट्रोल न भरता पोट भरलं.

सफर बंद पडली. पिवळ्या स्कूटरी विकल्या गेल्या, फलक उतरला. मग एक दिवस दीर दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. डोळे सुजलेले. "वहिनी, चुकलो. माफ करा."

नवऱ्याने कानस थांबवली. "अगं, घरातलाच आहे..."

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या. मग दिराकडे वळून म्हणाल्या, "माझ्याकडे नका मागू. मास्तरांकडे जा."

तो गेला. मास्तरांनी दार उघडलं नाही. वहिनी स्वतःही गेल्या, टोफूची गरम वडी घेऊन. त्यांच्यासाठी दार उघडलं, पण मास्तर म्हणाले, "तुमचा दोष नाही, वहिनी. पण आता मला कुणाच्याच शब्दावर खाता येत नाही." आणि दार हळूच लावून घेतलं. परतताना वहिनी रडल्या. सूड पुरा झाला होता, पण जे गेलं ते काही परत आलं नव्हतं. मला हे तेव्हा कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला, असं मात्र नाही. उलट वाढला.

मावशींच्या गाड्याकडे लोकांनी पाठ फिरवली. तेव्हापासून वहिनी रोज संध्याकाळी मला गाड्याला टेकवून उभी करतात आणि सगळ्यांना दिसेल अशा बसून तेच सूप पितात. आधी येणारे-जाणारे नुसते बघायचे. आता एखाद-दुसरा थांबतो. सासूबाईही येतात, माझ्यावर बसून. लेकाशी बोलणं त्यांनी टाकलंय. चहा अजून दुधाचाच घेतात, पण सूप मावशींचं.

परवाचीच गोष्ट. आम्ही डेपोकडे निघालो होतो. दीर रस्त्याच्या कडेने चालत होता, हातात पिशवी, धुळीने माखलेला. कुठल्याशा गोदामात हमाली धरलीय म्हणे. सासूबाई मागून म्हणाल्या, "थांबव गं जरा."

मला थांबायचं नव्हतं. मी घरघरले, झटके दिले. पण ब्रेक वहिनींच्या हातात. त्या थांबल्या.

दीर धावतच आला. कित्येक महिन्यांनी आई स्वतःहून थांबली होती. "आई, डेपोकडे चाललात? मीही तिकडेच..." त्याने सीटकडे पाहिलं. सासूबाई बारीक अंगाच्या. थोड्या पुढे सरकल्या असत्या तर तो मावला असता.

त्या सरकल्या नाहीत. त्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं, जणू कुठे लागलंबिगलं तर नाही ना, हे तपासावं तसं.

"तू चालत ये," त्या म्हणाल्या. "चल गं."

वहिनींनी मूठ पिळली. मी त्याच्या तोंडावर काळा धूर सोडून निघाले.

तर अशी मी. मेकॅनिक म्हणतो, इंजिन दमलंय, फार दिवस नाहीत. नसेनात का. तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझी चाकं, आरसे, हॉर्न, काय हवं ते कुणालाही द्या. पण एखादा गोड बोलून म्हणाला, "मला मागे बसवा, मला शिकायचंय," तर आधी त्याला तुमच्यासमोर घास गिळायला लावा. येते मी.